मनालीत बर्फ पडणार की पाऊस, हे सोलापुरात बसून कसं ओळखावं

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरातून मनालीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. मी वर्षानुवर्षं असे ग्रुप घेऊन जातो. निघायच्या आठवड्यात हमखास फोन येतात, "भाऊ, मोबाईलवर बर्फाचं चित्र दाखवतंय, मिळेल ना बर्फ?" कृपा करून त्या चित्रावर विसंबून काही ठरवू नका. अंदाज स्वतः वाचता येतो, आणि त्यासाठी लागणारे आकडे मोबाईलवर फुकट मिळतात.

आठ दिवस आधी एवढंच बघा, पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळ, येतंय का. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले असे झंझावात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. आधी काश्मीर, मग हिमाचल, मग उत्तराखंड असा त्यांचा क्रम. सगळेच जोरदार नसतात. युरोपीय आणि अमेरिकी, दोन्ही मॉडेलं (हवामानाचा अंदाज काढणारे संगणकी हिशेब, ॲपमधले आकडे त्यांतूनच येतात) एकाच दिवसावर बोट ठेवत असतील तर कार्यक्रमात एक दिवस मोकळा सोडा. सेंटिमीटरचे आकडे मात्र इतक्या आधी वाचूच नका. ते रोज बदलतात.

तीन दिवस उरले की खरं काम सुरू होतं. ढगातून येणार ते पाणी होऊन येणार की बर्फ होऊन, हे ठरवायचं. मी इथेच सपाटून चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट उंचीची. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं. युरोपीय मॉडेलचा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा, अमेरिकी मॉडेलचा 13 किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात अख्खं खोरं आणि शेजारचा डोंगर एकत्र येतो, आणि ॲप तुम्हाला त्या दोघांच्या मधल्या कुठल्या तरी उंचीचं तापमान दाखवत असतं. मनाली 2,050 मीटरवर, सोलांग 2,500 च्या आसपास, अटल बोगद्याचं तोंड 3,000 च्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून विंडीसारख्या ॲपमध्ये शून्य अंशाची उंची, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्याला पोचतं ती, बघा. ती 2,400 मीटर असेल तर हिमकण वितळेपर्यंत आणखी दोन-तीनशे मीटर खाली येतात. म्हणजे सोलांगला बर्फ पक्का आणि मनाली काठावर.

आणि काठावर असलं की दुसरी गोष्ट निकाल लावते, ती म्हणजे हवेचा कोरडेपणा. एका जानेवारीत मनालीत दुपारी 4 अंश होतं. शून्याच्या वर आहे, पाऊसच पडेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि सगळ्यांना सोलांगला नेलं. हवा किती कोरडी आहे ते बघितलंच नाही. आधी भुरभुर झाली, पारा घसरत गेला आणि दिवेलागणीला रस्ता पांढराफटक. परतीच्या जेमतेम चौदा किलोमीटरला सहा तास लागले. गाडीत दोन आजी होत्या, त्यातल्या एकींना मधुमेह. ती रात्र मी विसरलेलो नाही.

हे असं का झालं, ते सोलापूरकराला समजायला जड नाही. मे महिन्यात 42 अंशांत आपला वाळ्याचा कूलर खोली गार करतो, मुंबईत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. कोरड्या हवेत पाणी भराभर सुकतं आणि सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं. वरून पडणारे हिमकण आणि थेंब डोंगरातल्या हवेचं हेच करतात. अशा रीतीने हवा जिथवर गार होऊ शकते, ते वेट बल्ब तापमान. बर्फाचा निर्णय त्यावर करा, साध्या तापमानावर नको.

ॲपमध्ये वेट बल्ब नसेल तर तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते; हवा कोरडी तितका तो खाली) यांतल्या फरकाचा तिसरा भाग तापमानातून वजा करा. हिशेब अंदाजाचा आहे, पण कामाचा आहे. तापमान 4 आणि दवबिंदू उणे 8 असेल तर उत्तर शून्याजवळ येतं, म्हणजे बर्फाची तयारी ठेवा. तापमान 3 आणि दवबिंदू 2 असेल तर उत्तर पावणेतीनच्या आसपास, म्हणजे छत्र्या काढा. 4 अंशांत बर्फ आणि 3 अंशांत पाऊस! अर्ध्या अंशाच्या खाली उत्तर आलं तर मी बर्फ धरतो, दोनच्या वर पाऊस. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळून पडतं, तेव्हा कोणालाही शब्द देत नाही.

किती पडेल? 10 मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने 10 सेंटिमीटर बर्फ होतो. शून्याजवळचा ओला असेल तर कमी, कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत असेल तर जास्त.

आदल्या दिवशी हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा वाचा. नारिंगी किंवा लाल असेल तर मी मनालीच्या पुढे गाडी नेत नाही, ग्रुप कितीही रागावला तरी.

शेवटचं, आणि हे कोणी सांगत नाही. झंझावात पुढे सरकला की आभाळ निरभ्र होतं, ॲपवर सूर्य झळकतो आणि लोक पहाटेच निघायची घाई करतात. पण ढगांचं पांघरूण गेलेल्या त्या रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि दिवसा वितळून रस्त्यावर आलेलं पाणी गोठतं. डांबर नुसतं ओलं दिसतं, प्रत्यक्षात त्यावर काचेसारखा बर्फ असतो. त्यावर ब्रेक दाबला की गाडी आपली राहत नाही. बर्फ पडत असताना निदान सगळे सावध असतात, या सकाळी कोणीच नसतं. अशा दिवशी अकराच्या आत मी चाक हलवत नाही. सावलीतल्या वळणांवर तर दुपारीही गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायला सांगतो, आणि चालक स्थानिकच घेतो. सोलापूरहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी जानेवारीत ती मनालीत लावून ठेवावी आणि वर जायला तिथली, चाकांना साखळ्या असलेली गाडी करावी.