घातांकी फलनाचा आलेख वाय-अक्षाला छेदतो, तेथे नेमके काय वाचावे

ट्रॅक्टरच्या घटत्या किमतीचे घातांकी फलन देऊन, त्याचा आलेख वाय-अक्षाला छेदतो त्या बिंदूचा अर्थ सांगा, असा प्रश्न परीक्षेत असतो. लातूरमध्ये शिकवताना त्याच्या उत्तरपत्रिका तपासल्या की मला एक चूक वारंवार आढळते. आकडेमोड बिनचूक असते, ८,००,००० हे उत्तरही बरोबर असते; परंतु त्यापुढे ‘ही ट्रॅक्टरची किंमत’ एवढेच लिहून विद्यार्थी थांबतो. कोणत्या वेळची किंमत, हे राहून जाते, आणि प्रश्नात विचारलेले असते नेमके तेच.

घातांकी फलन, म्हणजे ज्यात क्ष घातांकात असतो असे फलन, अ × ब^क्ष असे असेल (^ या चिन्हापुढे घातांक लिहिला आहे), तर क्षच्या जागी ० ठेवताच ब^० = १ होते, कारण ब ही धन संख्या आहे, आणि मागे केवळ अ उरतो. म्हणजे आलेख वाय-अक्षाला (०, अ) या बिंदूत छेदतो. गणित एका ओळीत संपते; विचार करावा लागतो तो ‘क्ष = ०’ म्हणजे कोणती वेळ, याचा. म्हणून आकड्याला हात लावण्यापूर्वी, क्ष कोठून मोजला आहे हे सांगणारे वाक्य प्रश्नात शोधावे आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी.

समजा, ट्रॅक्टरची किंमत = ८,००,००० × (०.८५)^क्ष असून क्ष म्हणजे २०१८ नंतरची वर्षे आहेत. ट्रॅक्टर २०१८ मध्येच घेतला असेल, तर ८ लाख ही खरेदीची किंमत होय. मात्र तो २०१५ मध्ये घेतला असे प्रश्नात म्हटले असेल, तर ८ लाख ही केवळ २०१८ मधील किंमत ठरते, आणि घसरणीचा दर तोच धरल्यास खरेदीच्या किमतीसाठी क्ष = −३ ठेवावे लागते, ज्यातून सुमारे १३.०३ लाख रुपये मिळतात. दोन्ही प्रश्नांत छेदबिंदू एकच आहे, अर्थ मात्र वेगळा. उत्तर पूर्ण वाक्यात लिहावे: ‘२०१८ साली ट्रॅक्टरची किंमत ८,००,००० रुपये होती.’ एककही तपासावे. गावाची लोकसंख्या हजारांत दिली असेल आणि छेदबिंदू १२ येत असेल, तर सुरुवातीची लोकसंख्या १२,००० असते.

कंसाबाहेरचा आकडा उचलून तोच छेदबिंदू मानण्याची सवय येथे घात करते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४० अंश आहे आणि कपातील चहाचे तापमान ४० + ५० × (०.९)^क्ष असे दिले आहे, क्ष मिनिटांत. बहुतेक जण ५० लिहितात. शून्य ठेवून पाहिले तर ४० + ५० = ९० येते, म्हणजे मोजणी सुरू झाली तेव्हा चहा ९० अंशांवर होता; ५० हा त्या क्षणी चहा आणि खोली यांच्या तापमानांतील फरक आहे, तर ४० ही पातळी आलेख कधीही न गाठता जवळ करत जातो. त्याचप्रमाणे, शेततळ्यातील शेवाळाचे क्षेत्र ४०० × २^(क्ष − ३) चौरस फूट असेल, क्ष आठवड्यांत, तर ४०० हे तिसऱ्या आठवड्याअखेरचे क्षेत्र होय; सुरुवातीला ते ४०० ÷ ८ = ५० चौरस फूट होते.

कोष्टकातील पहिली नोंद क्ष = १ ची असली, तर पहिलाच आकडा उचलू नये. नोंदी ६०, ९०, १३५ अशा असतील, तर गुणोत्तर १.५ आहे, एक पाऊल मागे जाऊन ६० ÷ १.५ = ४० हे उत्तर काढावे. आलेख दिलेला असेल तर आडवा अक्ष खरोखर शून्यापासून सुरू होतो का, हेही पाहावे.

बहुपर्यायी प्रश्नांत ‘किंमत दरवर्षी ८ लाखांनी घटते’ असा पर्याय आढळल्यास तो निःशंक खोडावा. बदलाची माहिती ब देतो: ट्रॅक्टरच्या उदाहरणात तो ०.८५ आहे, म्हणजे दरवर्षी १५ टक्के घट.