कम्युनिटी कॉलेजमार्गे राज्यशास्त्राची पदवी: बे एरियात नव्याने आलेल्यांसाठी

बे एरियात नवीन आलेल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो: डी ॲन्झा, मिशन किंवा ओहलोनी अशा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, सुरुवातीची दोन वर्षं काढली, तर ती क्रेडिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरतात का? धरतात. पण युनिट (म्हणजे क्रेडिट) विद्यापीठाच्या खात्यावर जमा होणं वेगळं आणि ते मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, कामी येणं वेगळं. सगळा घोटाळा इथेच होतो. विषय नुसता ऐच्छिक म्हणून पडून राहतो आणि मेजरसाठी दुसराच घ्यावा लागतो.

म्हणून पहिल्या सत्राचे विषय निवडण्याआधी दोन-तीन कॅम्पस नक्की करा. मग असिस्ट डॉट ऑर्ग ही कॉलेजचे विषय विद्यापीठाच्या विषयांशी जुळवून दाखवणारी वेबसाइट उघडा. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ, शैक्षणिक वर्ष आणि मेजर निवडलं की विद्यापीठाला हवा असलेला विषय एका बाजूला आणि तुमच्या कॉलेजातला त्याच्या जोडीचा विषय दुसऱ्या बाजूला दिसतो. कुठे ‘अँड’ आहे आणि कुठे ‘ऑर’, हे डोळे उघडे ठेवून वाचा. समोर ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असेल, तर त्याच्या जोडीचा विषय तुमच्या कॉलेजात नाही; जवळच्या दुसऱ्या कॉलेजात मिळतो का ते बघा. ते पान छापूनच काउन्सेलरकडे जा. काउन्सेलर बहुतेक मदतीला तत्पर असतात, पण त्यांच्यासमोर शंभर मेजर असतात आणि तुमच्यासमोर एकच.

राज्यशास्त्रात पाया सगळीकडे साधारण सारखा असतो: अमेरिकन गव्हर्नमेंट, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय विचार. यांत अमेरिकन गव्हर्नमेंट आधी उरका. तो मेजरमध्ये चालतो, जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांच्या, सामाजिक शास्त्रांत चालतो आणि सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ‘अमेरिकेचा इतिहास व राज्यघटना’ या अटीचा मोठा भागही त्यात भागतो. बारावी महाराष्ट्रात झालेल्या मुलांकडे अमेरिकन इतिहासाचा शालेय विषय नसतो, त्यामुळे या अटीकडे दुर्लक्ष नको. स्टॅटिस्टिक्स टाळायला म्हणून कुणी राज्यशास्त्र घेत असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवा: अनेक विभागांना ते हवंच असतं.

सीएसयूला जायचं असेल, म्हणजे सॅन होजे स्टेट किंवा ईस्ट बे, तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्यासाठीची पदवी, हा सरळ रस्ता. २०१० च्या कायद्याने तो आला. ही पदवी घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा पक्की, आणि पुढे ६० युनिटांत बॅचलर्स पूर्ण करता येते. ‘कुठेतरी’ हा शब्द लक्षात ठेवा. हव्या त्याच कॅम्पसची हमी त्यात नाही.

यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, गणित निराळं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅग देतात, म्हणजे अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो आणि तो सप्टेंबरात, म्हणजे मूळ अर्जाच्याही आधी. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. टॅगसाठी लागणारा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कॅम्पसनुसार बदलतो. यूसीत पोचल्यावर मात्र जीपीए नव्याने सुरू होतो. युनिट सोबत येतात, ग्रेड मागे राहतात.

जनरल एज्युकेशनसाठी २०२५ च्या फॉलपासून कॅल-गेटसी हा एकच आराखडा आहे, ३४ सेमिस्टर युनिटांचा. तो पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडे जावं यासाठी कॉलेजकडे मागणी करा. आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

डी ॲन्झा आणि फुटहिलमध्ये क्वार्टर पद्धत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सत्रं, आहे, इतरत्र बहुतेक सेमिस्टर. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, एवढा हिशेब सोपा. भाग पाडून शिकवलेले विषय, उदाहरणार्थ अमेरिकेचा इतिहास, अर्धे इथे नि अर्धे तिथे केले की जुळवाजुळवीत जीव जातो. सुरू केलेली मालिका त्याच कॉलेजात संपवा.

आता व्हिसा, ज्याबद्दल सहसा कुणी आधी सांगत नाही. एच-४ वरची, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्यांची अवलंबित, मुलं शिकू शकतात आणि वर्षभराच्या वास्तव्यानंतर कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरू शकतात. मग कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, आणि नेमकी तीच ट्रान्सफरची वेळ असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलात तर विद्यापीठात परराज्याची फी लागू शकते; मुलगा इथेच वाढलेला असला तरी. एकोणिसाव्या वर्षीच वकिलाशी बोला.

भारतात एफवायबीए-एसवायबीए करून आलेल्यांनी ते शिक्षण लपवू नये. आधीच्या प्रत्येक कॉलेजची माहिती अर्जात देणं बंधनकारक आहे, आणि लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही जातो. तिथले विषय कॅल-गेटसीत मोजले जातील अशी आशा धरू नका. विद्यापीठ स्वतः तपासून काही युनिट देईल तेवढे खरे. शाळेची गुणपत्रकं मात्र जपा. यूसीच्या काही कॅम्पसवर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची अट असते, आणि सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं मराठी माध्यमात झालेली असतील तर ती त्यात धरली जाऊ शकतात.

टीवायबीए झालेल्यांसाठी मात्र हा रस्ता नाही. दुसऱ्या बॅचलर्ससाठी यूसी आणि सीएसयूची दारं जवळपास बंदच असतात. त्यांनी हवे तर एक-दोन विषय कम्युनिटी कॉलेजात करून थेट मास्टर्सकडे वळावं.