निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील तर सेवापुस्तक उघडा

महाराष्ट्रात सरकारी नोकरीतल्या कितीतरी जणांची निवृत्ती ३१ मे रोजी होते. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला क्वचितच असायचा, मग गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते. त्यामुळे उन्हाळ्यात आस्थापना शाखेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांची नोकरीची कागदपत्रं बघणाऱ्या शाखेच्या, टेबलावर पेन्शन प्रकरणांचा ढीग पडतो, आणि बदल्यांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. तुमचं प्रकरण बघणारा लिपिक स्वतःच दुसऱ्या तालुक्याला गेलेला असू शकतो. तुमची तारीख ३१ मे असेल तर इतरांच्याही आधी हालचाल करा.

मी आरोग्य खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं आस्थापनेचं काम केलं, आणि आता जुने सहकारी प्रकरण अडलं की कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. पेन्शन रखडण्याचं मूळ बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षांपूर्वी सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या वहीत, राहून गेलेल्या एखाद्या नोंदीत असतं. नोकरीत असताना ती नोंद करून घेणं सोपं असतं. निवृत्तीनंतर त्याच नोंदीसाठी माणसाला ऑफिसच्या बाकावर बसून राहावं लागतं.

हे लिहितोय ते मुख्यतः १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे पेन्शन मिळते. नंतर लागलेल्यांचा एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) रस्ता वेगळा आहे, पण सेवापुस्तकाबद्दलचं सगळं त्यांनाही तितकंच उपयोगी पडेल.

निवृत्तीला दोन वर्षं उरली की एक अर्ज देऊन सेवापुस्तक बघायला मागा. दरवर्षी ते कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते, त्यामुळे मागताना संकोच करायचं कारण नाही. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, तुमच्याकडे असेल तर ते सोबत घेऊन जा आणि पान-पान ताडून बघा. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी सारखी आहे का, खाडाखोड असेल तर त्यावर कार्यालयप्रमुखांची सही आहे का, हे आधी बघा. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन, बँक पासबुक आणि सेवापुस्तकात एकच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्राची प्रत आणि सेवापुस्तकातली नोंद दोन्ही आहेत याची खात्री करावी.

मग आतली पानं. दरवर्षीची सेवा पडताळणी म्हणजे 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा वेतन देयकांवरून पडताळली' असा शेरा आणि खाली सही. हे शेरे एकापुढे एक लावले की नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकही दिवस सुटलेला नसावा. सुटतो तो बदलीच्या वेळी. जुन्या ऑफिसने कार्यमुक्त केल्याची तारीख एक, नव्या ठिकाणी रुजू झाल्याची दुसरी, आणि मधले चार दिवस कुठेच नाहीत. ते पदग्रहण अवधी (बदलीनंतर रुजू व्हायला मिळणारा काळ) म्हणून मंजूर झाले की रजा म्हणून, याची नोंद लागते. असाधारण (बिनपगारी) रजा, संपाचा काळ, निलंबनाचा काळ यांचे आदेश नुसते फाइलला असून भागत नाही, ते सेवापुस्तकात उतरवलेले पाहिजेत. स्थायित्वाचा आदेश, विभागीय परीक्षा, एमएससीआयटी, मराठी-हिंदी भाषा परीक्षा किंवा त्यातून मिळालेली सूट, राखीव जागेवर नेमणूक असेल तर जात वैधता, हेही बघा. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का ते तर बोट ठेवून तपासा.

आमच्या एका परिचारिका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांची सुरुवातीची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. तिथून बदली होताना शेवटच्या काही महिन्यांची पडताळणी कुणी लिहिलीच नाही. पुढे दोन-तीन ऑफिसं बदलली, सेवापुस्तक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, पण ती जागा कुणाच्या नजरेत आली नाही. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा आम्ही ती पकडली. जुन्या ऑफिसला पत्र गेलं, उत्तर आलं की त्या काळची वेतन देयकं सापडत नाहीत. ताईंनी मात्र भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक स्लिपा जपून ठेवल्या होत्या. त्या स्लिपांवर महिनावार वर्गणी जमा दिसत होती. पगार निघाल्याशिवाय वर्गणी जमा होत नाही. त्या स्लिपांच्या झेरॉक्स जोडून, महिने नमूद करून, आम्ही दुसरं पत्र तयार केलं. मग तिथल्या लिपिकाला नेमकं कुठलं रोख पुस्तक काढायचं ते कळलं, व्हाउचर क्रमांक मिळाले आणि पडताळणीचा दाखला आला. नुसतं 'दाखला मिळावा' असं लिहिलेलं पत्र कपाटात पडून राहतं. तारीख, महिना, पद आणि पुराव्याची प्रत जोडलेली असली की समोरच्याचं शोधायचं काम वाचतं आणि पत्र हलतं. पीएफच्या स्लिपा म्हणूनच कधी रद्दीत देऊ नका.

प्रकरणाचा प्रवास नीट समजून घ्या, म्हणजे चौकशी कुठे करायची ते कळेल. तुमचं ऑफिस नमुने भरून घेतं, पती-पत्नीचे एकत्र फोटो, कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, बँक खात्याची माहिती घेतं. ना-देय (काही देणं बाकी नाही) आणि ना-चौकशी (चौकशी चालू नाही) दाखले जोडले जातात. सरकारी क्वार्टरमध्ये राहत असाल तर तिथला ना-देय दाखला सगळ्यात शेवटी मिळतो, त्यामुळे तो आधी मागायला सुरुवात करा. मग प्रकरण महालेखापाल कार्यालयात जातं, आपण ज्याला एजी म्हणतो. विदर्भ आणि मराठवाड्याची प्रकरणं नागपूरला, बाकीची मुंबईला. प्रकरण निवृत्तीच्या सहा महिने आधी तिथे पोचावं अशी अपेक्षा असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचं प्रकरण जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून मंजूर होतं. मंजुरीनंतर पेन्शनसाठी पीपीओ, उपदानासाठी (ग्रॅच्युइटीसाठी) जीपीओ आणि अंशराशीकरणासाठी, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्यासाठी, सीपीओ असे तीन आदेश निघून कोषागारात येतात. कोषागारात ओळख तपासणीला प्रत्यक्ष जावं लागतं. जाताना पीपीओची प्रत, आधार, पॅन, पासबुक आणि फोटो न्या.

गट विमा, रजा रोखीकरण हे मात्र तुमच्याच ऑफिसमधून बिल होऊन निघतं. अर्जित रजा कमाल ३०० दिवसांची रोख मिळते. रजेचा हिशोब सेवापुस्तकाच्या शेवटी असतो आणि तोही वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेला असतो, म्हणून पहिल्याच फेरीत तो पूर्ण करून घ्या. उपदानाची कमाल मर्यादा १४ लाख होती, ती १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली. तारखेच्या अलीकडे-पलीकडे निवृत्त झालेल्यांनी आपल्याला कुठली लागू होते ते बघावं.

पेन्शन विकायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ४० टक्क्यांपर्यंत विकता येते. समजा, शेवटचं मूळ वेतन ६०,००० रुपये आणि पूर्ण पेन्शन ३०,०००. ४० टक्के म्हणजे १२,००० विकले, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वयाप्रमाणे ठरलेल्या ८.३७१ या गुणकाने (१२,००० × १२ महिने × ८.३७१) १२,०५,४२४ रुपये एकरकमी मिळतात. महिन्याची पेन्शन १८,००० राहते, आणि १५ वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. महागाई भत्ता मात्र सगळा काळ पूर्ण ३०,००० वरच मिळतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. माझा सल्ला असा की मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज समोर असेल तर विका, पैसा नुसता बँकेत ठेवायचा असेल तर दोन दिवस बसून हिशोब करा.

आता वसुलीबद्दल, कारण यात लोक फार खचतात. निवृत्तीच्या तोंडावर पथक किंवा एजी आक्षेप काढतं की अमुक साली वेतनवाढ चुकीची दिली, आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देण्याचा) लाभ वेळेआधीच दिला, म्हणून इतकी रक्कम जास्त गेली. ऑफिस ती रक्कम उपदानातून कापायला निघतं. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा निकाल लक्षात ठेवा. तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षाच्या आत निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा रक्कम मिळत राहिलेले, यांच्याकडून वसुली करू नये असं त्यात म्हटलं आहे. मात्र २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात न्यायालयाने वचनपत्राला महत्त्व दिलं. जास्त रक्कम गेल्यास परत करीन, असं वेतननिश्चितीच्या वेळी तुम्ही लिहून दिलं असेल तर बाजू कमकुवत होते. त्यामुळे तुमच्या फाइलला असं वचनपत्र आहे का ते आधी बघा, मग अर्ज लिहा. 'वसुली मान्य आहे' असा कागद घाईत सही करून देऊ नका. पैसे लवकर मिळतील म्हणून कुणीतरी तसं सुचवतं, आणि एकदा सही झाली की पुढे लढायला जागा उरत नाही.

एजीकडून प्रकरण त्रुटी काढून परत आलं तर घाबरू नका. परत आलेल्या पत्राची प्रत मागून घ्या. 'एजीने परत पाठवलं' एवढं तोंडी ऐकून घरी येऊ नका, नेमका आक्षेप काय ते शब्दशः वाचा. पुष्कळदा एक सही किंवा एक प्रत एवढ्याचीच उणीव असते आणि ती तुमच्याच घरच्या फाइलमध्ये असते.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. 'ठेवा टेबलावर, बघतो' असं म्हटलं तर नम्रपणे सांगा, 'भाऊ, पोच द्या, मग ठेवतो.' पुढच्या वेळी बोलताना आवक क्रमांक सांगा. काम करणारा लिपिक अनेकदा दोन-तीन टेबलं एकटा सांभाळत असतो, त्याच्याशी सरळ बोला, त्याची अडचण विचारा. मी त्या खुर्चीत बसलोय, रागावून आलेल्या माणसाचंही काम करतोच, पण कागद लावून आलेल्याचं हातासरशी होतं. पैसे मात्र कुणालाही देऊ नका. कुणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

सौजन्याने काम होत नसेल तर नियम हातात घ्या. २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. माहिती अधिकारात, १० रुपयांचा स्टॅम्प लावून, 'माझ्या प्रकरणावर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रती द्या' एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळ वेळा उत्तराआधी फाइलच हलते. प्रकरण लांबणार असं दिसलं तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज करा. ती तरतूद नियमात आहे, पण कर्मचाऱ्याने मागितल्याशिवाय क्वचितच कुणी देतं. उपदानाला ऑफिसच्या चुकीने तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर नियम १२९-अ खाली व्याज मागता येतं. शेवटचा मार्ग म्हणजे मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी उच्च न्यायालय.

हे मागताना आपण कुणाकडे उपकार मागतोय असं मनात आणू नका. पेन्शन ही सरकारची मर्जी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्यात स्पष्ट केलं. तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो.

पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. बँकेत जाऊन यादीवर सही करा किंवा 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन सोयीवरून घरबसल्या द्या. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या पेन्शनरांसाठी घरबसल्याची सोय मोठा आधार आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन हा विषय घरात बोलायला जड जातो, तरी बोला. पीपीओवर पत्नीचं किंवा पतीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर छापली आहे का ते पीपीओ हातात येताच वाचा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. पीपीओ क्रमांक, कोषागाराचं नाव आणि खाते क्रमांक एका कागदावर लिहून तो कपाटात कुठे ठेवलाय ते घरच्यांना दाखवा. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याला पुढे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव कुटुंबाच्या तपशिलात आणि दिव्यांगत्वाचा दाखला प्रकरणासोबत, हे दोन्ही तुम्ही नोकरीत असतानाच जोडून घ्या.