रोजनिशीची वर्षपूर्ती: जुनी पानं उघडताना या चुका टाळा

रोजनिशी सुरू करून वर्ष झालं त्या दिवशी मी वही काढली आणि पानं मोजली. ३६५ पैकी १४१ दिवस लिहिलं होतं. मन खट्टू झालं. वही परत कप्प्यात गेली आणि त्या वर्षी ती वाचलीच नाही. आता सातवी वही चालू आहे. दर वर्षी त्याच तारखेला मी सरलेल्या वर्षाची वही घेऊन बसतो आणि दर वेळी काही ना काही चुकतं. काही चुकांनी तर वहीचं कायमचं नुकसान केलं. रोजनिशी लिहिणाऱ्या दोन-तीन मित्रमैत्रिणींकडूनही हेच ऐकलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हजेरी घेऊ नका, गाळलेले दिवस मागाहून भरू नका

सतराव्या शतकातला इंग्रज अधिकारी सॅम्युएल पीप्स याची रोजनिशी इतिहासकार आजही उघडतात. १ जानेवारी १६६० ला त्याने ती सुरू केली. १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची लंडनची आग, दोन्ही तिच्यात आली. ३१ मे १६६९ ला, लिहून लिहून डोळे जातील या धास्तीने त्याने ती थांबवली. डोळे गेले नाहीत, तो १७०३ पर्यंत जगला. पुढच्या चौतीस वर्षांची पानं का नाहीत, असा जाब त्याला कुणी विचारत नाही. तुम्हीही स्वतःला विचारू नका.

मोजण्यापेक्षा घातक चूक त्याच्या पुढची आहे, आणि ती मी दुसऱ्या वर्षी केली. वर्षपूर्तीच्या आधी वही भरलेली दिसावी म्हणून जूनमधले बारा दिवस आठवून आठवून लिहून काढले, मागच्या तारखा टाकून. आज ती वही उघडली की त्या महिन्यातलं कुठलं पान त्या रात्रीचं आणि कुठलं नंतर रचलेलं, हे मलाच सांगता येत नाही. पेन तेच, अक्षर तेच. बारा पानांपायी अख्खा जून संशयात गेला. त्यात माझ्या मैत्रिणीशी झालेलं एक लांबलचक बोलणं आहे. ते खरंच तसं झालं होतं की मी वर्षभराने त्याला आकार दिला, हे आता कळायला मार्ग नाही.

खंड पडला असेल तर आजचीच तारीख घाला आणि लिहा, ‘गेले तीन आठवडे लिहिलं नाही. आठवतंय ते असं.’ चूक आधीच झाली असेल तर जी पानं नंतर भरल्याचं नक्की आठवतं, त्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘नंतर लिहिलं’ अशी खूण करा. जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह.

पान वाचतो, पण काहीच आठवत नाही

‘आज मस्त दिवस. सगळे भेटले. खूप हसलो.’ तारीख आहे, अक्षर माझं आहे, पण कोण भेटलं, कुठे, कशावर हसलो, काही म्हणजे काही आठवत नाही. पहिल्या वहीत अशी पानं ढिगाने आहेत.

विलेम वाखनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं रोजच्या घटना टिपून ठेवल्या. प्रत्येक घटनेची चार अंगं वेगवेगळी लिहिली: काय घडलं, सोबत कोण होतं, कुठे घडलं, कधी घडलं. मग त्यातलं एकेक अंग पुढे ठेवून बाकीचं आठवतं का, हे स्वतःवरच तपासलं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की ‘काय घडलं’ यावरून सर्वाधिक आठवतं, आणि नुसत्या तारखेवरून जवळजवळ काहीच नाही. आपण मात्र तारीख न चुकता घालतो आणि नेमकं बाकीचं गाळतो, कारण लिहिताना ते इतकं ठळक असतं की विसरेल असं वाटतच नाही.

म्हणून ‘मस्त’, ‘भारी’, ‘कंटाळवाणा’ असा शेरा मारला की त्याच्या खाली एक घडलेली गोष्ट लिहायची: कोण काय म्हणालं, कुणाच्या हातात काय होतं. जुन्या पानांचं म्हणाल तर त्या दिवशी सोबत असलेल्यांना विचारा, फोनमधले त्या तारखेचे फोटो आणि निरोप पाहा. पण सापडलेलं मूळ ओळीत घुसडू नका. ते कुठे लिहायचं ते खाली सांगतो.

सगळं वर्ष दुःखातच गेलं असं वाटतं

वर्षाची वही एका बैठकीत वाचून काढली की बऱ्याच जणांना हे होतं. एक मैत्रीण तर म्हणाली, ‘इतकी मी रडत होते? मग पुढे लिहूच नये.’ तिने तीन महिने वहीला हात लावला नाही.

यामागचं कारण साधं आहे. काही सलत असतं तेव्हा आपण पेन उचलतो. बरं चाललेलं असतं तेव्हा आपण त्या बऱ्या गोष्टीत गुंतलेले असतो, पेन कोण उचलणार? त्यामुळे वहीत काळजी, भांडण, जागरण यांचीच दाटी होते आणि वाचणाऱ्याला तेवढंच वर्ष दिसतं.

माझ्या चौथ्या वहीत मार्च महिन्यात कामाच्या ठिकाणच्या एका वादावर सलग अकरा पानं आहेत. वाचताना छातीवर दगड आल्यासारखं झालं. मग त्याच आठवड्याचे फोटो काढले. त्यात माझी भाची सायकल शिकतेय. मी मागून सीट धरून वाकून धावतोय, शर्ट पाठीला चिकटलाय, तिचा एक पाय पॅडलवरून सुटलाय. पाच-सहा फोटो आहेत, शेवटच्यात मी मागे राहिलोय आणि ती एकटी पुढे गेलीये. त्या संध्याकाळबद्दल वहीत एक ओळ नाही. त्याच रात्री मी वादावर दीड पान लिहिलं होतं.

तेव्हापासून वर्षपूर्तीला वही एकटी वाचत नाही. शेजारी फोटो आणि कॅलेंडर ठेवतो, आणि एका बैठकीत एका महिन्याच्या पुढे जात नाही. लिहितानाही, दिवस कितीही वाईट गेला तरी शेवटी एक साधी, बिनकाळजीची नोंद करतो. मन बदलावं म्हणून नव्हे, वही खरी राहावी म्हणून.

आठवण एक सांगते, पान दुसरंच

वडिलांचं ऑपरेशन झालं त्या रात्री मी त्यांच्या उशाशी होतो, असं मला पक्कं आठवत होतं. अर्धवट ओढलेला पडदा, सलाईनचा थेंब, त्यांचा हात. मी हे कित्येकांना सांगितलंही होतं. पाचव्या वर्षपूर्तीला जुनी वही चाळताना ते पान समोर आलं: ‘रात्री दादा थांबला. मी सकाळी सातला पोचलो. बाबा जागे होते. म्हणाले, झोप झाली का रे तुझी?’

मी घरी झोपलो होतो.

त्या क्षणी पान फाडावंसं वाटलं, खोटं नाही सांगत. मग वाटलं, पानच चुकलं असेल. पण ते पान दुसऱ्याच दिवशीचं होतं, आणि माझी आठवण चार वर्षांची. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं होतं की बातमी कळली तेव्हा ते कुठे होते, सोबत कोण होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही. हे वाचलं होतं, तरी स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत तसं होईल हे मनात आलं नव्हतं.

आठवणीने मला त्या रात्री तिथे नेऊन बसवलं आणि त्या बदल्यात बाबांचा प्रश्न पुसून टाकला. बाबा आता नाहीत. ‘झोप झाली का रे तुझी’ हे पान नसतं तर गेलंच होतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: जुन्या पानावर काहीही खोडू नका. शुद्धलेखनसुद्धा सुधारू नका. लाज वाटणारं वाक्य, एखाद्यावर काढलेला राग, फोल ठरलेला अंदाज, सगळं राहू द्या. आजचं म्हणणं समासात, वेगळ्या रंगाच्या पेनाने, आजची तारीख घालून लिहा. समास छोटा असेल तर कागदाची पट्टी पानाच्या आतल्या कडेला अडकवा, पण तारीख हवीच.

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीला, ॲन फ्रँकला, १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी वही मिळाली होती. नोव्हेंबर १९४२ मधलं एक पान तिने जानेवारी १९४४ मध्ये पुन्हा वाचलं, तेव्हा तिला आपल्याच भाबडेपणाचं नवल वाटलं. ते पान तिने तसंच ठेवलं आणि तारीख घालून खाली आपली टीप जोडली. मे १९४४ मध्ये सगळं नव्याने लिहायला घेतलं तेही सुट्या कागदांवर. त्यामुळे तिच्या ज्या मूळ वह्या टिकल्या, त्यांच्याशी नंतरचं लिखाण ताडून पाहता येतं. अवघ्या दीड वर्षाच्या अंतरावर एक मुलगी किती मोठी झाली, ते तिथे दिसतं.

शाई उडाली, तिकीट कोरं झालं, फाइल उघडत नाही

खोडता येणाऱ्या जेल पेनाने रोजनिशी लिहू नका. ती शाई घासल्याच्या उष्णतेने रंगहीन होते, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत वही राहिली तरी पानं कोरी दिसू शकतात. साधारण ६० अंश सेल्सिअस पुरतं. असं झालंच तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बऱ्याचदा रंग परत येतो, थोडा फिका. मात्र तुम्ही मुद्दाम खोडलेलंही परत येतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरेल. अक्षर दिसू लागलं की आधी फोटो काढून घ्या.

मशीनमधून निघालेली चकचकीत तिकिटं आणि पावत्या उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाच्या असतात, काही वर्षांत पांढऱ्या पडतात. त्यांच्यावर चिकटपट्टी लावली तर आणखी लवकर. लॅमिनेशनला तर देऊच नका, गरम रोलरखाली कागद काळा पडतो. त्यांची झेरॉक्स काढून ती चिकटवा.

कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. मजकूर गेलेला नसतो, त्यामुळे घाबरून फाइल डिलीट करू नका. कुठला फॉन्ट वापरला होता ते शोधा, त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व इकार एकदा डोळ्यांखालून घाला. गडबड तिथेच होते. ॲपमध्ये लिहीत असाल तर वर्षपूर्तीच्या दिवशी सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि ती फाइल खरंच उघडते का, ते त्याच वेळी पाहा.

वाचून दाखवण्याची घाई

वर्ष झाल्याच्या आनंदात आपण पानं कुणाला तरी दाखवतो. त्या पानात आलेल्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं ते त्या वेळी, तुमच्यापुरतं सांगितलेलं असतं. मी एकदा मित्राला त्याच्याचबद्दलचं जुनं पान प्रेमाने वाचून दाखवलं आणि तो गप्प झाला. त्या काळातून तो मोठ्या कष्टाने बाहेर आला होता. आता आधी विचारतो, ‘तुझ्याबद्दल असं असं लिहिलंय, ऐकायचंय का?’ नाही म्हणाला तर वही मिटतो.

दादालाही तसंच विचारलं. ऑपरेशनच्या रात्रीचं पान फोनवर वाचून दाखवलं आणि म्हटलं, ‘मी इतकी वर्षं लोकांना सांगत होतो की मी होतो म्हणून.’ तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अरे, सकाळी आलास तेव्हा तू माझी चादर घडी करून मला घरी पाठवलंस, आणि बाबांजवळ तूच बसलास. पडदा तेव्हा अर्धवटच होता.’ हे पानावर नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही या रूपात नव्हतं. निळ्या पेनाने समासात लिहिलं, खाली ‘दादाने सांगितलं’ असं लिहून तारीख घातली.