जहाजाचे पार्ट आणि लेझर क्लॅडिंग : या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल, मेटलर्जीची बरीच मुलं विचारतात की लेझर क्लॅडिंगमध्ये, म्हणजे झिजलेल्या पार्टवर लेझरने नवीन धातूचा थर चढवायच्या कामात, यायचंय तर आधी काय शिकू, रोबोट प्रोग्रॅमिंग करू की लेझरचा एखादा कोर्स करू. माझं उत्तर नेहमी एकच असतं, आधी झिजलेला पार्ट बघायला शिका. मशीन चालवणं हळूहळू हाताला बसतंच, पण वर्षानुवर्षं समुद्रात फिरून आलेला शाफ्ट समोर ठेवला की तो कुठे घासलाय, कुठे गंजलाय आणि का, हे ओळखता आलं पाहिजे, कारण रिपेअर टिकणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं.

प्रोसेस थोडक्यात सांगतो. लेझरने पार्टचा वरचा अगदी पातळ थर वितळवायचा आणि त्या मेल्ट पूलमध्ये नोझलमधून आर्गॉनच्या प्रवाहासोबत धातूची पावडर सोडायची, की दोन्ही एकजीव होऊन थर बसतो. एका पासमध्ये साधारण अर्धा ते दीड मिमी. थर्मल स्प्रेचा, म्हणजे वितळलेला धातू फवारून दिलेला, कोट खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला नुसता धरून राहतो, इथे खरा वेल्डसारखा जोड होतो. आणि आर्क वेल्डिंगपेक्षा उष्णता खूप कमी जाते म्हणून लांब शाफ्ट वाकायची भीती कमी. कमी म्हणतोय, शून्य नाही, त्यामुळे कामाच्या आधी आणि नंतर डायल गेज लावून रनआऊट, म्हणजे शाफ्ट फिरताना किती हेलकावतो ते, बघायचाच.

आता नेहमी येणारं काम घ्या, थ्रस्टरचा (जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा) किंवा पंपाचा शाफ्ट. सीलची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, जिथे घासते तिथे गोल खाच पडलेली असते, नख ओढलं तर अडकतं. ही झीज सरळ दिसते. पण शेजारी ओ-रिंगच्या (गोल रबरी रिंगच्या) खोबणीत बघा, तिथे बारीक काळे खड्डे असतात. रबराखाली खारं पाणी साचून राहतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेस असला तरी तिथून खायला लागतो, हेच ते क्रेव्हिस करोजन. लेथवर टर्निंग करून हा भाग साफ करताना वरून चकचकीत झालं की नवीन माणूस थांबतो, पण खड्ड्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका राहिलेला असतो. त्यात क्षार आणि गंज असतो, लेझर पडला की तिथूनच गॅस निघतो आणि क्लॅडमध्ये, म्हणजे चढवलेल्या थरात, पोर (बारीक पोकळी) तयार होतो. म्हणून ठिपका जाईपर्यंत कट घ्यायचा, मग डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक फटी, छिद्रं शोधायची तपासणी), आणि मगच पुढे.

जुना हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक प्लेटिंगचा थर, असेल तर पूर्ण काढायचा. नायट्राइड केलेला, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेला, पार्ट असेल तर तो थरही काढायचा, नाहीतर त्यातला नायट्रोजन बाहेर येऊन क्लॅडची चाळण होते. पार्टच्या ड्रॉइंगवर हे लिहिलेलं असतं पण ड्रॉइंग प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, मग हार्डनेस घ्या, मटेरियल तपासून घ्या, अंदाजाने लेझर सुरू करू नका.

पावडरचं म्हणाल तर खाऱ्या पाण्यासाठी इनकोनेल ६२५ सगळ्यात जास्त वापरतात, निकेल बेस, त्यात क्रोमियम २० ते २३ टक्के आणि मॉलिब्डेनम ८ ते १० टक्के. हे मॉलिब्डेनमच खड्डे पडू देत नाही. पण खालच्या स्टीलमधलं लोखंड जितकं जास्त वर मिसळेल तितका हा गुण कमी होतो. चांगल्या सेटिंगमध्ये ही मिसळ, म्हणजे डायल्युशन, ५ टक्क्यांच्या आत ठेवता येते. त्यासाठी ट्रायल पीस कापून, पॉलिश आणि एच करून (रसायन लावून धातूची रचना उघडी करून) मायक्रोस्कोपखाली बघायची सवय लावा, मला विचाराल तर या लाइनमधलं सगळ्यात जास्त शिक्षण त्या कापलेल्या तुकड्यात आहे. व्हॉल्व्हच्या सीटसारख्या गरम आणि आदळणाऱ्या जागी स्टेलाइट ६ लागतं, ते कोबाल्ट बेस, कडक, आणि म्हणूनच तडकणारं. प्रीहीट, म्हणजे आधी जॉब गरम करणं, नीट नसेल, जॉब पटकन थंड झाला, तर कधी कधी शेजारी उभं राहून टिक टिक आवाज ऐकू येतो, ती क्रॅकच असते.

आणखी एक, क्लॅड कुठे संपवायचा हा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. क्लॅडची कडा जर उघड्या कार्बन स्टीलवर खाऱ्या पाण्यात आली तर गॅल्व्हॅनिक करोजनने कडेलगतचं स्टील भराभर खाल्लं जातं, वरचा थर शाबूत आणि बाजूला चर. म्हणून कडा सीलच्या पलीकडे, कोरड्या किंवा तेलाच्या बाजूला न्यायची. आणि फिलेटवर (व्यास बदलतो तिथल्या गोलाईवर) किंवा की-वेजवळ (चावी बसायच्या खाचेजवळ) संपवू नका, तिथे आधीच स्ट्रेस जास्त असतो, वर क्लॅडिंगचा उरलेला ताण मिळाला की फटिगला, म्हणजे वारंवार भार येऊन तडा जायला, आमंत्रणच.

लांब हायड्रॉलिक रॉडसारख्या कामासाठी एहला (EHLA) ही अतिवेगवान लेझर क्लॅडिंगची प्रोसेस माहीत असू द्या, जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झालेली. यात पावडर मेल्ट पूलच्या वरच, हवेतच वितळते, त्यामुळे थर २५ ते २५० मायक्रॉन इतका पातळ बसतो आणि वेगही कितीतरी पट जास्त. हार्ड क्रोमच्या जागी ही वापरतात, कारण क्रोम प्लेटिंगमध्ये लागणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे.

सेफ्टीबद्दल एकदम गंभीरपणे सांगतो. हा क्लास ४, म्हणजे सगळ्यात धोकादायक गटातला, लेझर असतो, साधारण १ मायक्रॉनच्या आसपासचा, डोळ्यांना दिसतच नाही, परावर्तित किरणसुद्धा दृष्टी घालवू शकतो. त्याच तरंगलांबीसाठी असलेला चष्मा हवा, दुसरा कुठला चालत नाही. निकेल-कोबाल्टची पावडर श्वासात जाऊ नये म्हणून मास्क आणि धूर ओढणारी यंत्रणा, दोन्ही.

टेल शाफ्ट (प्रोपेलर बसतो तो शाफ्ट), रडर स्टॉक (सुकाणू फिरवणारा दांडा) असल्या पार्टला मात्र नुसतं चांगलं काम करून भागत नाही. डीएनव्ही, लॉइड्स रजिस्टर, एबीएस या जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या क्लास संस्थांपैकी जहाज ज्यांच्याकडे असेल त्यांची मान्यता आधी लागते. प्रोसिजर टेस्ट, हार्डनेस, मॅक्रो (कापून आडवा छेद बघणं), बेंड (वाकवून बघणं), सगळे रिपोर्ट त्या संस्थेचा सर्व्हेअर बघतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पावडरचा बॅच नंबर, लेझर पॉवर, स्पीड, प्रीहीटचं तापमान लिहून ठेवायला लागा. फायनल ग्राइंडिंगसाठी वर साधारण अर्धा मिमी माल ठेवा आणि ग्राइंडिंग झाल्यावर परत डीपी करा, कारण आतले पोर वरचा माल निघाल्यावरच उघडे पडतात.