एखादा विषय कोणत्या खात्याचा, हे कसे शोधावे

सरकारदरबारी काम असलेला माणूस बहुधा आधी मंत्र्याचे नाव शोधतो आणि तिथेच वाट चुकतो. मंत्री बदलतात, खाती जोडली किंवा तोडली जातात. विषयांची वाटणी मात्र नियमांत लिहिलेली असते, त्यामुळे शोध नियमांपासून सुरू करावा.

प्रथम विषय केंद्राचा की राज्याचा, हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतून ठरवावे. खरी गफलत समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत होते. संसदेने कायदा केला म्हणजे अंमलबजावणीही केंद्राचीच, असा समज असतो. पण अनुच्छेद ७३ प्रमाणे संविधानात किंवा संसदेच्या कायद्यात तसे स्पष्ट म्हटलेले नसेल, तर या सूचीतील विषयांचा कार्यकारी अधिकार राज्याकडेच राहतो. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती झाले, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेची तक्रार दिल्लीला पाठवून काही साधत नाही.

विषय केंद्राचा निघाला, तर अनुच्छेद ७७ (३) खाली १९६१ मध्ये केलेल्या कार्यवाटप नियमांची दुसरी अनुसूची पाहावी. तिथे मंत्रालयापेक्षा विभागाकडे लक्ष द्यावे, कारण एकाच मंत्रालयात अनेक विभाग असू शकतात आणि प्रत्येकाचा सचिव सहसा वेगळा असतो. वित्त मंत्रालयातच प्राप्तिकर महसूल विभागाकडे, तर सरकारी बँका वित्तीय सेवा विभागाकडे येतात.

विषय राज्याचा असेल, तर महाराष्ट्रात मुंबईच्या मंत्रालयातील विभाग आणि त्याच्या अधिपत्याखालील क्षेत्रीय यंत्रणा यांत फरक करावा. धोरण विभाग ठरवतो, अंमलबजावणी आयुक्तालये, संचालनालये आणि जिल्हा-तालुका कार्यालये करतात. सातबारावरील लेखनप्रमाद (लिहिताना झालेली चूक) जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसील पातळीवर दुरुस्त होतो. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नसते.

नेमके टेबल शोधायचे असेल, तर त्या विषयावरचा ताजा शासन निर्णय काढावा. त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे शब्द आणि खाली पुष्कळदा अवर सचिवाची किंवा उपसचिवाची सही असते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. अनुच्छेद १६६ नुसार राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने होते; सही करणारा अधिकारी ती केवळ अधिप्रमाणित करतो (सहीने तिच्या खरेपणाची खात्री देतो), निर्णय त्याने एकट्याने घेतलेला नसतो. आपल्या कामाची गोष्ट मात्र वरच्या कोपऱ्यात असते. निर्णयाच्या क्रमांकात प्रकरण क्रमांकापाठोपाठ बहुधा कार्यासनाचा, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या विभागातील कक्षाचा उल्लेख येतो, आणि नस्ती (फाइल) तिथूनच हलते: सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते आणि गरजेप्रमाणे सचिव किंवा मंत्र्यांपर्यंत जाते. नवा खर्च असेल, तर मध्ये वित्त विभागाचा फेरा पडतो, आणि बरेच दिवस तिथेच जातात.

एवढ्यावरही पत्ता लागला नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) खाली प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती वाचावी. तीत अधिकाऱ्यांचे अधिकार, कर्तव्ये आणि निर्णयाची कार्यपद्धती द्यावी लागते. माहितीचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर कलम ६ (३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो. ही सोय फक्त माहिती मागणाऱ्या अर्जाला आहे, तक्रारीला किंवा परवानगीच्या अर्जाला नाही.