पोलीस अहवालामुळे बंदुकीचा परवाना नाकारला गेला, तर काय करावे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मागणारे शेतकरी आजही आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला ‘पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे’ एवढ्याच आशयाचे कन्नड पत्र येते, तेव्हा पुष्कळजण ते घडी घालून ट्रंकेत ठेवून देतात. तसे करू नये, कारण पत्रावरच्या तारखेपासून अपिलाची मुदत धावू लागते.

सर्वप्रथम, आपले नाव नेमके कोणत्या यादीत किंवा नोंदीत आले आहे ते शोधावे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यापासून केंद्र सरकार एखाद्या व्यक्तीला दहशतवादी घोषित करून तिचे नाव चौथ्या अनुसूचीत घालू शकते. ती यादी राजपत्रात उघडपणे छापली जाते आणि नाव काढण्यासाठी कलम 36 खाली अर्ज करता येतो. आपल्याकडच्या अर्जदाराला आडवी येते ती मात्र ठाण्यातली नोंद: रौडी शीट (पोलिसांनी ठेवलेली गुंडांची नोंद), आंदोलनातला जुना गुन्हा, किंवा नामसाधर्म्य. आमच्या चुलत्यांच्या अहवालात मारामारीचा एक गुन्हा दाखवला होता. नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच. फक्त वडिलांच्या नावाच्या जागी निळ्या शाईने काहीतरी खोडून वर दुसरे लिहिले होते. तो गुन्हा वरच्या आळीतल्या दुसऱ्याच माणसावर होता, आणि हे उघड व्हायला दीड वर्ष गेले.

नुसते यादीत नाव आले म्हणून बंदूक नाकारावी का, हा प्रश्न अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे दहशतवादी संशयितांच्या यादीत नाव असणे, एवढ्यावरून बंदूक खरेदी रोखता येत नाही. ऑरलँडो शहरात गोळीबाराने झालेल्या हत्याकांडानंतर जून 2016 मध्ये ती रोखण्याचे प्रस्ताव सिनेटमध्ये आले, पण ते संमत झाले नाहीत. दुसरीकडे, 2004 साली सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाच यादीतल्या नावाशी साधर्म्य असल्यामुळे विमानतळावर वारंवार अडवले गेले होते. संशयिताच्या हाती बंदूक जाऊ नये, हे मला मनापासून पटते. म्हणून यादीत नाव दिसताच कसून चौकशी व्हावी, त्यासाठी अर्ज थांबवूनही ठेवावा. परंतु ज्याचे नाव आहे त्याला ते सांगून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कायमचा नकार देऊ नये.

शस्त्र कायदा, 1959 मध्ये यासाठी वाट आहे. कलम 14 नुसार नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताला बाधा येईल असे अधिकाऱ्याला वाटले, तरच तो रोखता येतो. हा गोषवारा लेखी मागावा आणि पोच घ्यावी. सोबत ठाण्याच्या अहवालाची प्रत मिळावी म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकावा.

कारण हाती आले की ते कलम 9 शी ताडून पाहावे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे मनाई असते; शांतता राखण्याचे बंधपत्र देण्याचा आदेश झाला असेल, तर त्या बंधपत्राच्या मुदतीपुरती. सीमाभागातल्या कार्यकर्त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा: काळ्या दिनाच्या (1 नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी भाषक पाळतात तो निषेध दिन) आधी प्रतिबंधक कारवाईची नुसती नोटीस आली होती म्हणजे बंधपत्राचा आदेश झाला, असे होत नाही, आणि खटला चालू असणे म्हणजे शिक्षाही नव्हे. अर्थात सार्वजनिक शांततेचे कारण देऊन अधिकारी तरीही नकार देऊ शकतो, म्हणून निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. नामसाधर्म्य असेल, तर वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि घर क्रमांक दाखवणारे कागद द्यावेत. ‘पाटील’ कन्नडमधून इंग्रजीत जाताना दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, म्हणून सर्व कागदांवरचे नाव एकसारखे आहे ना, हे आधीच पाहावे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर तीस दिवसांत बेळगावातल्याच प्रादेशिक आयुक्तांकडे अपील करता येते. गोषवारा मिळाला असेल, तर तो अपिलाला जोडावा लागतो. अपीलकर्त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, असे कलम 18 सांगते. सुनावणीची तारीख आली की स्वतः हजर राहावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, तेव्हा अपील मराठीत लिहावे, पण कन्नड भाषांतर सोबत द्यावे. चुलत्यांच्या सुनावणीत त्या भाषांतरातल्या वडिलांच्या नावाखाली आम्ही लाल रेघ मारून ठेवली होती, आणि अधिकाऱ्यांनी फाईल उघडल्यावर पहिला प्रश्न त्या नावाबद्दलच विचारला.